नऊचा पतंग की पंधराचा

आमच्या घरात भित्रा माणूस एकच, असं मी लग्न झाल्यापासून चारचौघांत सांगत आले. तो माणूस म्हणजे माझे यजमान सुश्रुत. गल्लीत सांड आडवा बसलेला दिसला की हे मागे फिरून दुसऱ्या गल्लीने येतात, मग वळसा कितीही पडो. गच्चीवर माकड आलं की दार आतून लावून घेतात. गंगास्नानाला उतरले की पाणी गुडघ्याच्या वर चढू देत नाहीत, तिथेच उभं राहून लोटीने अंगावर ओतून घेतात. माझं माहेर बालाजी घाटाच्या वर. चालायला आलं आणि पाठोपाठ पोहायला आलं, अशी मी. असा नवरा पदरात पडल्यावर बायको थट्टा करणार नाही तर काय करणार? आता मात्र ती थट्टा जिभेवर येत नाही. यंदाच्या ज्येष्ठापासून हवा पडली की मला भीती वाटते, आणि हवा सुटली की त्याहून जास्त.

सुश्रुत मूळचे जळगावचे. रेल्वेने बनारसला आणलं आणि माझ्या वडिलांनी हेरून जावई करून घेतलं. नोकरी पुलांच्या तपासणीची. एवढ्या घाबरट माणसाला पूल तपासायला कोणी ठेवलं, असं मी लग्नानंतर लगेचच विचारलं होतं. ते म्हणाले, "न घाबरणाऱ्याने पूल तपासू नये. त्याला तडा दिसतच नाही."

पुढे त्यांची बदली थेट दक्षिणेला, रामेश्वरच्या बाजूला, समुद्रावरच्या पुलांच्या कामावर झाली. मी इथे मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते आणि आमची लेक अंतरा तेव्हा लहान होती, म्हणून आम्ही दोघी मागे राहिलो. तिकडे किनाऱ्यावर काही मंडळी मोठाले पतंग आकाशात सोडून त्यांच्या ओढीने फळीवर उभी राहून पाण्यावरून धावायची. सुश्रुत एक अख्खा हंगाम ते नुसतं बघत उभे राहिले. दुसऱ्या हंगामात लोकांचे पतंग धरून द्यायला लागले. तिसऱ्या हंगामात पाण्यात उतरले. ही त्यांची चाल. ताक तर फुंकून पितातच, पाण्याचा पेलासुद्धा आधी हलवून बघतात. मला फोनवर यातलं अक्षर सांगितलं नाही. बदली संपवून परत आले ते माणसाएवढी बॅग घेऊनच, आणि त्या बॅगेत काय आहे ते कळल्यावर मी पहिल्यांदा जी हसले ती हसलेच.

आमच्याकडची हवा समुद्रासारखी नाही. इथला पुरवा, पूर्वेचा वारा, म्हणजे कानाशी कुजबुज. पण सुश्रुतची फळी निराळी होती. तिच्याखाली लेकराच्या उंचीची एक दांडी आणि दांडीच्या टोकाला धातूचे दोन पंख. फळी जरा धावली की ते पंख तिला पाण्याबाहेर उचलतात. मग पाण्यात फक्त पंख राहतात, फळी आणि माणूस हातभर वर तरंगत जातात, आणि पाण्याचा अडथळा संपल्यामुळे थोडक्या हवेतही धाव टिकते. "वर चढलं की आवाज बंद होतो, लतिका," ते म्हणाले होते. "पाण्याचाही आणि माझ्या डोक्यातलाही." ते ऐकून मात्र मला हसू आलं नाही. माणूस इतकी वर्षं डोक्यात कसला आवाज घेऊन फिरत होता, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून मग आमचं गंगेपलीकडच्या रेतीवर जाणं सुरू झालं. संकठा घाटासमोरची रेती आमची. शिवराम मल्लाहाची इंजिनाची नाव ठरलेली. मी पतंग धरून द्यायचे, तो वर गेला की नावेत बसायचे आणि सुश्रुत पाण्यावर असेपर्यंत त्यांच्यावर डोळा ठेवायचे. नियम सगळे त्यांचे. नाव नेहमी वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवायची, म्हणजे हे पडले तर वाहत नावेकडेच येतील. पतंगाच्या खालच्या बाजूला, वारा जिकडे जातो तिकडे, कुणीही उभं राहायचं नाही. सुटलेला पतंग आणि त्याच्या ताणलेल्या दोऱ्या माणूस चिरतात. हवा मोजायचं यंत्र हातात होतंच, पण त्याहून त्यांचा विश्वास धुरावर. मणिकर्णिकेचा स्मशानघाट तिथून वरच्या अंगाला समोरच दिसतो, आणि तिथला धूर काही कधी बंद पडत नाही. धूर शहराकडे झुकला तर पुरवा, नदीकडे झुकला तर पछुआ, म्हणजे पश्चिमेचा, आणि सरळ उभा राहिला तर सामान आवरायचं. "कुणाचं तरी शेवटचं काम चालू आहे आणि तुम्ही त्यावर हवा बघता," मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "म्हणूनच तर नीट बघतो."

आणखी एक. पतंगाशी बांधलेला पट्टा कमरेला असतो, त्याला सुटकेचे दोन लाल खटके असतात. पहिला ढकलला की पतंगाचा दम जातो, पण तो एका दोरीने माणसाला बांधलेला राहतो. दुसरा ओढला की पतंग कायमचा सुटतो. सुश्रुत दर रविवारी तो पट्टा कमरेला बांधायचे, दोरी खिडकीच्या गजाला अडकवायचे आणि डोळे मिटून दोन्ही खटके उघडायचे. परत लावायचे, परत उघडायचे. समोरच्या प्रेमलाकाकू आपल्या सज्ज्यातून विचारायच्या, "लतिका, जावईबापू खिडकीशी कुस्ती का खेळतात गं?" मी म्हणायचे, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस, काकू. ते त्याला खिडकीतून बाहेर काढताहेत." आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो.

ते हसणं चैत्रात बंद झालं.

तेव्हा त्यांच्याकडे एकच पतंग होता, नऊचा. नऊ म्हणजे नऊ चौरस मीटर कापड, हलकं, फुगवलेल्या कडेचं, मधे एकच काठी. त्या दिवशी हवा अचानक बसली, पतंग नदीच्या मधोमध पाण्यात आडवा झाला, आणि नेमकं तेव्हाच शिवरामचं इंजिन धरेना. तो दोरी ओढत राहिला, आणि समोर सुश्रुतचं डोकं हळूहळू उत्तरेकडे सरकत होतं. आमच्याकडे गंगा उत्तरेला वाहते, आणि उत्तरेला राजघाटचा पूल आहे. त्या पुलाच्या खांबांशी पाणी कसं फिरतं हे बनारसच्या पोराटोरांना ठाऊक असतं. मी हाका मारत होते आणि माझाच आवाज मला ओळखू येत नव्हता. इंजिन शेवटी लागलं, पुलाच्या पुष्कळ अलीकडे आम्ही त्यांना नावेत ओढून घेतलं. ते हसून म्हणाले, "पाणी काही थंड नव्हतं." मी त्यांचा हात धरून बसले, आणि तो हात मी घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

त्या दिवसापासून घरात दोन भित्री माणसं झाली. पण आमच्या भीतीची तोंडं उलटी होती. मला हवा पडायची भीती, त्यांना हवा वाढायची. मी म्हणायचे, मोठा पतंग घ्या. ते म्हणायचे, नको.

मला मोठा पतंग हवा वाटला याचं कारण माझे वडील वेणीमाधव. त्यांच्या गच्चीवर मी मांज्याची परेती, म्हणजे फिरकी, धरून लहानाची मोठी झाले. खिचडीच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवशी आमच्या गच्चीवरून उडालेला पतंग पंचगंगा घाटापर्यंत कुणाला कापू द्यायचा नाही, असा त्यांचा हट्ट असायचा. त्यांचं एक वाक्य होतं, "हवा कम, तो पतंग बड़ी." हलक्या हवेत छोटा पतंग गटांगळ्या खातो, मोठा पातळ कागदाचा पतंग कुठूनही हवा गोळा करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यात मी गणिताची. क्षेत्रफळ वाढलं तर ओढ वाढणार, ओढ वाढली तर हे पडणार नाहीत. यात चुकतं कुठे, ते मला दिसेना.

"चुकतं असं," सुश्रुत म्हणाले, "की तुझे बाबा एका जागी उभे असतात. पतंगाला मिळेल तीच हवा. इथे माणूस धावतो. सायकलवर बसलं की तोंडावर वारा लागतो ना, तशी फळी आपली हवा आपण तयार करते. एकदा ती उचलली गेली की पतंग ओढणारा नको, चपळ हवा. हलक्या हवेत जड पतंग आधी पडतो."

"आणि हवा अगदीच गेली तर?"

"नऊचा गोल गोल फिरवत, त्याच्याच वेगावर काठापर्यंत येता येतं. पंधराचा एकदा वळेपर्यंत हवा संपलेली असते."

"मग चैत्रात का पडला?"

ते म्हणाले, "तेव्हा मी पतंगाकडे बघत नव्हतो. पुलाकडे बघत होतो."

पण माझी भीती काही समजुतीने जाणारी नव्हती. मी रामेश्वरला त्यांना शिकवणाऱ्या माणसाचा नंबर शोधला आणि त्याच्याकडचा एक वापरलेला पंधराचा पतंग परस्पर मागवून घेतला. तो आमच्या गच्चीवर पुरा पसरतासुद्धा येईना. सुश्रुतनी त्याची एकेक शिवण तपासली, पुलाची तपासतात तशी, घडी घातली आणि कपाटावर ठेवून दिला. "अंथरूण पाहून पाय पसरावेत," एवढंच म्हणाले. त्यांचं वजन ऐंशी किलो, इथली हवा आठ ते बारा नॉट वेगाची, त्याला नऊ पुरतो. नऊचा उठवत नसेल तेव्हा घरी जायचं, असा त्यांचा हिशेब. मी हट्टाने म्हणायचे, दोन्ही सोबत न्या. म्हणून मग दोन्ही बॅगा रेतीवर जायच्या आणि पंधराची न उघडता परत यायची.

ज्येष्ठात अंतरा पुण्याहून सुट्टीला आली. बापाला पाण्यावर तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला ते सगळं खरंच वाटत नव्हतं. तिच्या लेखी बाबा म्हणजे झुरळ दिसलं की खुर्चीवर पाय घेणारे. ती आली तेव्हापासून हवाच नव्हती. परत जायच्या आदल्या दिवशी ऊन उतरायला लागलं आणि पुरवा सुटला, अगदी हलका. आम्ही तिघं शिवरामच्या नावेने रेतीवर गेलो.

सुश्रुतनी यंत्र धरलं. सात, कधी साडेसात, पुन्हा सात. मणिकर्णिकेचा धूर शहराच्या बाजूला कललेला होता, पण आळसावून. त्यांनी यंत्र खिशात ठेवलं. "आज नाही उठणार. नऊच्याला कमी आहे."

"बाबा, इतकं काय घाबरायचं?" अंतरा म्हणाली. "हवा तर आहे. एक बार तो दाखवा ना. कल तर मी चाललेच."

"पंधराचा आहे की," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाण्याकडे, मग पश्चिमेला. पश्चिमेला काही दिसत नव्हतं. घाटांवरच्या उंच हवेल्यांच्या मागे आभाळ कसं आहे ते रेतीवरून कळत नाही. फक्त त्यांच्या कडांवर जरा पिवळट होतं. ते मला म्हणाले, "खरं सांग. मी पाण्यावर असताना तुला कशाने कमी भीती वाटेल?"

"पंधराच्याने," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"मग पंधराचा," ते म्हणाले.

पतंग फुगवला, दोऱ्या लावल्या. अंतराला त्यांनी स्वतः हाताला धरून मागे नेलं, रेतीवर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आणि उभं केलं. "इथून हलू नकोस. वारा माझ्याकडून घाटाकडे जातोय, म्हणजे तू सुरक्षित आहेस. काही झालं तर आडवी हो आणि तोंड झाक." ती हसली. मी गुडघाभर पाण्यात जाऊन पतंगाची कड धरली. एवढा मोठा पतंग मी कधी धरला नव्हता. तो जड होता, हातात डुलत होता, आणि मला बरं वाटलं. वाटलं, हा काही असा तसा पडायचा नाही.

तो वर गेला आणि शिवरामने मला नावेत घेऊन नाव घाटाच्या बाजूला आणली. पुरव्यात तीच खालची बाजू. सगळी मांडणी पुरव्यासाठी होती.

सुश्रुत उठले. फळी पाण्याबाहेर आली, आणि ते पाण्यापासून हातभर वर, पाठ सरळ ठेवून, काहीही आवाज न करता आमच्यासमोरून गेले. पलीकडून अंतराची किंकाळी आली, आनंदाची. मला रडू आलं. माझ्या जिवात जीव आला होता, चैत्रानंतर पहिल्यांदा. पंधराचा पतंग डोक्यावर मोठ्या दिमाखाने उभा होता, आणि मी शिवरामला सांगत होते की बघ, मी म्हणत होते की नाही.

शिवराम बघत नव्हता. तो मणिकर्णिकेकडे बघत होता. मीही मान वळवली.

धूर सरळ उभा होता.

एरवी शहरावर पांगणारा तो धूर दोरी टांगल्यासारखा वर गेला होता. घाटावरची कबुतरं एकदम कुठेतरी गेली होती. मी दोन्ही हात वर केले, आमची ठरलेली खूण. सुश्रुतनी माझ्याआधीच पाहिलं होतं. त्यांनी दोऱ्यांना जोडलेला हातातला दांडा ओढून पतंग रेतीकडे वळवायला घेतला. नऊचा असता तर गिरकी मारून केव्हाच वळला असता. पंधराचा वळला तो म्हशीसारखा, आपल्या सवडीने, आणि अर्ध्या वळणावर त्याला हवा पुरेना. दोऱ्या ढिल्या पडल्या. तो हळूहळू, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पाण्यावर येऊन बसला. फळी बुडली आणि सुश्रुतचं डोकं तेवढं वर राहिलं. त्यांनी लगेच पहिला खटका ढकललेला मला दिसला. पतंग चुरगळला. आता एका दोरीवर होता.

"चला, शिवराम," मी म्हटलं. इंजिन या वेळी पहिल्या झटक्यात लागलं. पुलाची भीती वाटायच्या आत आम्ही पोचणार होतो.

तेवढ्यात धूर वाकला. शहराकडे नाही, नदीकडे.

"भउजी, आन्ही आवत हौ," शिवराम म्हणाला, वादळ येतंय म्हणून, आणि त्याने नावेचं तोंड उलटं, घाटाकडे फिरवलं. मी मागे वळून पाहिलं. हवेल्यांच्या वरून तपकिरी भिंत येत होती. पश्चिमेकडून. मी ओरडले की नाव फिरव, ते पाण्यात आहेत. तो म्हणाला, अंधडात नाव आडवी झाली तर उलटेल, वाऱ्याला तोंड देऊनच थांबावं लागेल. तो बरोबर होता. मी त्याला नाही नाही ते बोलले.

मग धूळ आली. मला नावेचं टोकही दिसेना. डोळ्यांत, दातांत रेती. लाटा उलट्या दिशेने आपटत होत्या. मी नावेच्या काठाला दोन्ही हातांनी धरून बसले होते, आणि डोक्यात एकच चित्र होतं. पाण्यावर पडलेला पंधराचा पतंग, त्यात शिरणारी ही हवा, आणि त्याच्या दोरीला बांधलेले सुश्रुत. दम काढलेला असला तरी एवढ्या कापडाला एवढी हवा म्हणजे ओढ किती, याचा हिशेब माझं डोकं आपणहून करत होतं आणि मला तो थांबवता येत नव्हता. दुसरा खटका ओढा, मी तोंडातल्या तोंडात म्हणत होते. सोडा तो. सोडून द्या. जाऊ दे तो मेला पतंग.

आणि मग मला कळलं की वारा रेतीकडे चालला आहे.

अंतरा वरच्या बाजूला नव्हती. वारा उलटला होता, आणि सुरक्षित म्हणून जिथे तिला उभं केलं होतं तीच आता खालची बाजू झाली होती. सुश्रुतनी पतंग सोडला तर तो दोऱ्यांसकट तिच्यावर जाणार. नाही सोडला तर तो सुश्रुतना घेऊन जाणार. देवाकडे काय मागावं हेसुद्धा मला सुचेना, कारण एकाची सुटका मागायची म्हणजे दुसऱ्याचा जीव मागायचा. संकठादेवीचं देऊळ तिथून हाकेच्या अंतरावर होतं, आणि मी नुसतं तिचं नाव घेत राहिले. मागितलं काहीच नाही.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. वाऱ्याचा जोर उतरला, मोठाले चार थेंब पडले, आणि पलीकडून शिटी ऐकू आली. सुश्रुतच्या गळ्यात नेहमी शिटी असते. ती वाजली, थांबली, पुन्हा वाजली. शिवरामने न सांगता नाव आवाजाच्या दिशेने घातली.

रेतीला लागल्यावर आधी पतंग दिसला. चिंध्या झाल्या होत्या, एक बाजू रेतीत गाडली गेली होती. त्याच्या पलीकडे अंतरा पालथी पडलेली, ओढणीने तोंड झाकून, जशी सांगितली होती तशी. मी धावले. तिने मान वर केली. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. पतंगाची कड तिच्यापासून हातभरावर येऊन थांबली होती.

ती थांबली होती कारण दोरीच्या दुसऱ्या टोकाला सुश्रुत होते. पाण्याच्या काठापासून रेतीत दोन खोल चर ओढले गेले होते, त्यांच्या टाचांचे. चरांच्या शेवटी ते बसले होते, पाय रोवून, मागे रेलून. डावा खांदा खाली ओघळला होता, कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोललेली, तोंडात शिटी. उजवी मूठ पट्ट्यापाशी घट्ट आवळलेली. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले तरी त्यांची नजर माझ्याकडे नव्हती. "अंतरा?" त्यांनी विचारलं.

"इथेच आहे मी, बाबा," ती मागून म्हणाली. मग त्यांनी अंग सैल सोडलं.

शिवरामने पट्टा कापला. आम्ही त्यांना नावेत घेतलं. अंतरा त्यांच्या पायाशी बसली होती. तिला ते चर दिसले होते, पण त्यांचा अर्थ लागला नव्हता. ती म्हणाली, "बाबा, छोड़ क्यों नहीं दिया? तुम्ही इतकी वर्षं खिडकीशी तेच तर करत होता. आई सांगते ना सगळ्यांना."

सुश्रुतनी डोळे मिटले होते. ते म्हणाले, "भीती वाटली गं. इतकी वाटली की हातच चालेना. मूठ उघडलीच नाही."

अंतरा रडता रडता हसली. "बाबा, तुम्ही पण ना," ती म्हणाली.

माझं तोंड रेतीने भरलं होतं, आणि नसतं भरलं तरी मी हसले नसते.

खांदा जागेवर बसला. हात बरा होतोय. अंतरा दोन दिवस उशिरा पुण्याला गेली. प्रेमलाकाकूंना कुठून तरी कळलं आणि त्या सज्ज्यातून म्हणाल्या, जावईबापूंचा हात भीतीने आखडला म्हणे. मी त्यांना असं काही उत्तर दिलं की त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

आता आषाढ आहे. गंगा चढते आहे, आमची रेती पाण्याखाली गेली. नऊचा पतंग सुकवून, घडी करून कपाटावर ठेवला आहे. पंधराच्याच्या राहिलेल्या कापडाचं काय करायचं, हे आम्ही एकमेकांना विचारलेलं नाही. मला आता एवढं कळतं की त्या दिवशी त्यांनी पतंग हवेच्या मापाने निवडला नव्हता, आपल्या वजनाच्याही नाही. माझ्या भीतीच्या मापाने निवडला होता. आणि माझी भीती त्या नदीला मोठी झाली.

काल ते स्वयंपाकघरात चहा करत होते. मी त्यांचा जुना पट्टा काढला, कापलेला नव्हे, रामेश्वरहून आणलेला पहिला. तो कमरेला बांधला, दोरी गजाला अडकवली आणि मागे रेलून अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. पहिला खटका ढकलला. मग दुसऱ्यावर बोट ठेवलं. मूठ उघडावीच लागत नाही त्याला. आवळलेल्या मुठीच्या एका बोटानेही तो सुटतो, कितीही ताण असला तरी. मी दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा सुटला.

मागे पावलं वाजली. सुश्रुत दोन कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी गजाकडे पाहिलं, माझ्या कमरेकडे पाहिलं. मी काय तपासते आहे ते त्यांना कळलं, आणि कळलेलं मलाही कळलं. त्यांनी कप खिडकीत ठेवले.

"असं नाही," ते म्हणाले. "डोळे मिटून ओढायचं. धुळीत काही दिसत नाही."

मी डोळे मिटले.